कंबर आणि टाच दोन्ही दुखत असतील तर सुरुवात कुठून करायची? (सोलापूरची कामं डोळ्यांसमोर ठेवून)

दुखरी_नस | सोमवार, रात्री ९.१०

कंबर दुखते म्हणून एका डॉक्टरांकडे आणि टाच दुखते म्हणून दुसऱ्यांकडे, असं आपल्याकडे सर्रास होतं. दोन फाइली होतात, दोन एक्स-रे निघतात आणि गोळ्या बहुतेक वेळा त्याच असतात. दोन्ही दुखणी एकाच बाजूची असतील किंवा एकापाठोपाठ सुरू झाली असतील, तर औषध बदलण्याआधी दुखणं कोणत्या दिशेने चाललंय ते शोधा. हा धागा त्यासाठी.

वरून खाली येणारं दुखणं नसेचं असतं. कमरेच्या शेवटच्या मणक्यांमधली गादी फुगली किंवा नसेची वाट अरुंद झाली की कळ कुल्ल्यातून मांडीमागे, पोटरीत आणि पावलापर्यंत उतरते. पावलाचा कोणता भाग बधिर आहे यावरून नस ओळखता येते. नसांची नावं मणक्यांवरून असतात: एल म्हणजे कमरेची, एस म्हणजे त्याखालच्या हाडातली. अंगठा आणि पावलाची वरची बाजू असेल तर बहुधा एल ५. करंगळीकडची कड, टाच आणि तळवा असेल तर एस १. नडगीची आतली बाजू असेल तर एल ४.

खालून वर जाणारं दुखणं चालीचं असतं. टाच टेकवत नाही म्हणून माणूस चवड्यावर किंवा पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालतो, त्या पायावर कमी वेळ थांबतो, दर पावलाला कंबर एकीकडे झुकते आणि संध्याकाळपर्यंत कमरेच्या एकाच बाजूचा स्नायू दगडासारखा होतो. हे दुखणं सहसा गुडघ्याखाली उतरत नाही आणि त्यात मुंग्या नसतात.

घरी दहा मिनिटांत एवढं तपासा. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिलंच पाऊल टाचेत सुईसारखं टोचतं, पाच-दहा पावलांत सैल होतं आणि बराच वेळ बसून उठलं की पुन्हा टोचतं, तर दोष तळव्याच्या पडद्यात, म्हणजे प्लांटर फॅशियात. खात्रीसाठी टाचेच्या खाली, आतल्या बाजूला आणि थोडं पुढे अंगठ्याने दाबा. तिथेच नेमकी कळ येते.

मग उताणं झोपा आणि दुसऱ्या कुणाला तरी गुडघा सरळ ठेवून पाय हळू वर उचलायला सांगा. साधारण ३० ते ७० अंशांच्या मध्ये गुडघ्याखालपर्यंत वीज गेल्यासारखी कळ आली तर नस. नुसती मांडीमागे ओढ लागली तर तो स्नायूचा आखडलेपणा. त्याला सायटिका म्हणू नका.

नंतर टाचांवर दहा पावलं चाला, चवड्यांवर दहा चाला. टाचेवर चालताना एक पाऊल खाली पडत असेल तर एल ४ किंवा एल ५ कमजोर. एका पायाच्या चवड्यावर सलग आठ-दहा वेळा उठता येत नसेल आणि दुसऱ्यावर येत असेल, तर एस १ कडे पाहा.

शेवटची चाचणी भिंतीशी. पायाचा अंगठा भिंतीपासून १० सेंटीमीटरवर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. लागत नसेल तर पोटरी आखूड आहे. बहुतेक लोक हे तपासतच नाहीत. घोटा पुढे वाकला नाही की टाच लवकर उचलली जाते, सगळा ताण पडद्यावर येतो, आणि वाकण्या-बसण्यात घोट्याने जे करायचं ते कंबर करते. टाच आणि कंबर या दोघींच्या मध्ये पुष्कळदा पोटरीच असते.

आपापल्या कामांप्रमाणे भर घाला.

धोटा_कांडी | सोमवार, रात्री १०.०२

यंत्रमागाबद्दल. बारा तासांची पाळी, खाली सिमेंटचा कोबा, पायात स्लीपर किंवा काहीच नाही. चार माग सांभाळणारा माणूस एका जागी उभाही नसतो आणि नीट चालतही नाही. दोन पावलं, वळणं, वाकणं, पुन्हा दोन पावलं. पोटरीचा पंप चालायला सलग चालणं लागतं, ते मिळत नाही, म्हणून संध्याकाळी पाय सुजतात आणि टाच ठणकते.

यावर मागाच्या बाजूला दोन चपट्या विटा एकावर एक ठेवा, साधारण १५ सेंटीमीटर उंची होते. माग नीट चालू असेल तेव्हा एक पाय तिच्यावर, दहा मिनिटांनी दुसरा. एक पाय वर गेला की कमरेचा बाक कमी होतो आणि मागचा स्नायू सुटतो. विटा पट्ट्यापासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब हव्यात. रबरी चटई टाकायची असेल तर दीड-दोन सेंटीमीटर जाड आणि दाबल्यावर परत वर येणारी. फार मऊ फोम टाकला तर घोटा दिवसभर डगमगतो आणि पोटरी जास्त थकते.

तुटलेला ताणा सांधायला वाकताना बहुतेकजण पाठ गोल करून लटकतात. मागाच्या पुढच्या दांडीला मांडी टेकवा, गुडघे किंचित सैल सोडा, खुब्यातून वाका आणि मोकळा हात दांडीवर ठेवा. भरलेलं बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला जड रूळ, एकट्याने फिरवू नका. ढकलताना कंबर पिळली जाते आणि गादी सरकायला तो एक पिळा पुरतो.

साखरपेठकर | मंगळवार, सकाळी ७.४५

विडी वळणाऱ्या बाईंबद्दल विचारायचं आहे. वय ४५ च्या आसपास, रोज आठ-नऊ तास मांडी घालून काम. उजव्या पावलाची वरची बाजू बधिर आहे, चालताना चप्पल निसटते, पाऊल फरशीवर आपटतं. कंबर थोडी दुखते. एमआरआयमध्ये एल ४-एल ५ ची गादी फुगलेली आलीय आणि ऑपरेशनचं बोलणं चाललंय. घरचे घाबरलेत ओ. यात पाहण्यासारखं अजून काही आहे का?

दुखरी_नस | मंगळवार, सकाळी ८.३०

@साखरपेठकर, आहे, आणि तेच आधी पाहायला हवं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला थोडं खाली हाडाचा गोटा लागतो. त्याच्या मानेला वळसा घालून पाऊल वर उचलणारी नस जाते आणि तिथे तिच्यावर कातडीशिवाय फारसं काही नसतं. तासन्‌तास मांडी घातली किंवा उकिडवं बसलं की ती हाडावर दाबली जाते. पावलाची वरची बाजू बधिर आणि पाऊल लोंबतं, म्हणजे लक्षणं थेट एल ५ सारखीच.

दोन्हींतला फरक हाताने कळतो. त्यांना पाय लोंबता सोडून बसवा आणि तळवा आतल्या बाजूला वळवायला सांगा, तुम्ही हाताने विरोध करा. पाऊल वर उचलता येत नाही पण आत वळवायची ताकद शाबूत आहे, तर नस गुडघ्याशी दाबली गेली असण्याची शक्यता जास्त. आत वळवणंही कमजोर आहे, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणंही कमजोर आहे, तर कंबर. गोट्याखाली बोटाने टिचकी मारल्यावर पावलात मुंग्या गेल्या तर गुडघ्याकडचा संशय पक्का होतो. हे सगळं डॉक्टरांना सांगा आणि नसेचा वेग मोजणारी एनसीव्ही तपासणी मागा. नस कुठे अडकलीय ते तिच्यात दिसतं.

फुगलेली गादी हा एकटा पुरावा कमी पडतो. काहीही न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या तर विशीत सुमारे ३० टक्के आणि ऐंशीत सुमारे ८४ टक्के लोकांची गादी फुगलेली दिसते. पंचेचाळिशीत ती दिसणं नवलाचं नाही. मात्र पाऊल लोंबतंय ही गोष्ट थांबण्यासारखी नाही. याच आठवड्यात न्यूरोसर्जन किंवा अस्थिरोगतज्ज्ञांकडून स्नायूंची ताकद तपासून घ्या. कमजोरी वाढत असेल तर त्याच दिवशी जा. ऑपरेशनला नको म्हणा असा याचा अर्थ नाही. नस कुठे दाबली आहे ते ठरल्यावर ऑपरेशनचं ठरवा.

मांडी तोपर्यंत पूर्ण बंद. पाटावर किंवा १५-२० सेंटीमीटरच्या चौरंगावर बसून, पाठ भिंतीला टेकवून, पाय पुढे सैल सोडून सूप मांडीवर घेता येतं. पुढेही मांडी घालायचीच असेल तर ढुंगणाखाली चादरीची १०-१५ सेंटीमीटर उंच घडी घाला, गुडघे खुब्याच्या खाली आले की कंबर गोल होत नाही. मजुरी दर हजार विड्यांमागे असते, म्हणून मध्ये कुणी उठत नाही. दिवसाची हजार विडी धरली तर ५० विड्या म्हणजे साधारण अर्धा तास. घड्याळाकडे न पाहता दर ५० विड्यांना पाय पसरायचे आणि खाली जाणारा पाय बदलायचा. पाऊल लोंबतंय तोवर घोट्याला ९० अंशांत धरणारा प्लास्टिकचा आधार वापरा, नाहीतर उंबऱ्याला अडखळून पडतील.

मशीनची_सुई | मंगळवार, दुपारी २.२०

गणवेशाच्या कारखान्यांत मोटरवाली मशिनं आली तेव्हापासून उजवं पाऊलच दिवसभर पॅडलवर असतं. पॅडल लांब असलं की टाच हवेत राहते, नडगीचा स्नायू सतत धरलेला राहतो आणि कंबर उजवीकडे वळते. पॅडल इतकं जवळ ओढा की टाच पूर्ण टेकेल आणि गुडघा ९० अंशांपेक्षा थोडा जास्त उघडा राहील. डाव्या पायाखाली पॅडलइतक्याच उंचीचा लाकडी ठोकळा ठेवा. या ठोकळ्याने ओटीपोटाची हाडं सम राहतात. जुन्या पायमशीनवर दोन्ही पावलं असायची, एक थोडं पुढे आणि एक मागे, त्यामुळे हा प्रश्न कमी होता.

स्टुलावर टॉवेल घडी करून फक्त मागच्या अर्ध्या भागाखाली घाला. बैठक पुढे किंचित उतरती झाली की कंबर सरळ राहते. कापड बघायला मान आणि पाठ वाकत असेल तर टेबल उंच करा, स्टूल खाली करू नका.

दुखरी_नस | मंगळवार, रात्री ९.००

आता टाचेचा कार्यक्रम. यासाठी सोलापूरकरांना बाजारातून काही आणावं लागत नाही, घरातला टर्किश टॉवेल पुरतो.

अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आधी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, हाताने पाचही बोटं नडगीकडे ओढा, तळव्यात दोरीसारखी ताठ पट्टी लागली पाहिजे. १० सेकंद धरा, १० वेळा. दिवसातून तीनदा, पण सकाळची खेप चुकवायची नाही. रात्रभर पाऊल खाली झुकलेलं असतं, पडदा आखूड अवस्थेत पडून राहतो आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. सकाळचा ताण आधीच हळू दिला की ती टोच निम्म्यावर येते.

पोटरी दोन प्रकारे ताणायची. भिंतीला हात, दुखरा पाय मागे, टाच खाली, गुडघा सरळ, ३० सेकंद, तीनदा. मग त्याच जागी गुडघा थोडा वाकवून पुन्हा ३० सेकंद, तीनदा. पहिल्यात वरची पोटरी ताणली जाते, दुसऱ्यात खोलची. मागचं पाऊल बाहेर वळलं तर ताण पोटरीवर न येता तळव्याची कमान दाबली जाते. बोटं सरळ भिंतीकडे हवीत.

पुढचा भाग ताकदीचा. दोन आठवडे ताणून झाल्यावर सुरू करा, एक दिवसाआड. पायरीच्या कडेवर टॉवेलची गुंडाळी ठेवा, तिच्यावर फक्त बोटं चढवा म्हणजे ती वर वाकलेली राहतील, टाच पायरीबाहेर. एका पायावर तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. १२ वेळा, तीन फेऱ्या. जमत नसेल तर दोन्ही पायांवर करा. दोन आठवड्यांनी पाठीवर पिशवीत वजन घ्या आणि १० वेळा, चार फेऱ्या. आणखी दोन आठवड्यांनी वजन वाढवून ८ वेळा, पाच फेऱ्या. करताना थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळची टोच वाढली तर वजन कमी करा. लोक इथे घाई करतात आणि वर-खाली भराभर उड्या मारतात. संथपणा गेला की फायदाही गेला.

एक्स-रेमध्ये टाचेला काटा दिसला म्हणून धास्ती घेऊ नका. काहीही न दुखणाऱ्या पुष्कळ टाचांना तो असतो, आणि दुखणं बरं झाल्यावरही तो तिथेच असतो. टाचेतल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, पण वारंवार घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी पातळ होते आणि पडदा फाटू शकतो. मधुमेह असेल तर साखर काही दिवस चढते, डॉक्टरांना आधी सांगा.

वेळ लागतो हे खरं. टाच महिन्यांत मोजायची, आठवड्यांत नाही. बहुतेकांची वर्षभरात ऑपरेशनशिवाय बरी होते.

आरी_दोरा | मंगळवार, रात्री १०.१५

पादत्राणाबद्दल लिहितो. साधी स्लीपर पायात टिकवायला दर पावलाला बोटांनी आवळावी लागते. दिवसाला हजारो पावलं, म्हणजे हजारो वेळा तळव्याचा पडदा खेचला जातो. कोल्हापुरी तळ टणक आणि सपाट, टाच उंच नाही, म्हणून दुखऱ्या टाचेला आणि आखूड पोटरीला ती मानवत नाही. मागे पट्टा असलेली सँडल घ्या, टाचेकडे पुढच्यापेक्षा एक ते दीड सेंटीमीटर उंच.

दुकानात तीन गोष्टी करून बघा. वाकवून बघा, बोटांच्या सांध्यापाशी वाकली पाहिजे, मधोमध मोडली तर परत ठेवा. कपडा पिळतात तशी पिळून बघा, सहज पिळली तर ती पावलाला धरणार नाही. बूट असेल तर टाचेचा मागचा कप दाबा, तो आत बसता कामा नये. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय फुगलेला असतो. उभं राहून पुढे एक सेंटीमीटर जागा हवी.

एमसीआर चप्पल मधुमेहाच्या पायाला चांगली असते, कारण तो रबराचा फोम दाब पसरवतो. पण तो बसतो. अंगठ्याने दाबून बघा, परत वर येत नसेल तर चप्पल दिसायला नवी असली तरी संपली.

कमान उंच करणारा टणक उंचवटा सपाट पायाखाली एकदम घालू नका, तो नुसता टोचतो. मऊ घ्या, पहिल्या दिवशी तासभर, मग वाढवत जा. मुळात सपाट पाय न दुखणारा असेल तर त्याला हातच लावू नका. चवड्यावर उभं राहिल्यावर कमान तयार होते का बघा. होत असेल तर पाय लवचीक आहे. होत नसेल, किंवा मोठेपणी एकाच पायाची कमान बसत चालली असेल आणि आतल्या घोट्यामागे सूज असेल, तर तो डॉक्टरांचा विषय. आणि निव्वळ कंबर दुखू नये म्हणून इन्सोल घालणं व्यर्थ आहे. टाच दुखत असेल तर घाला.

एक पाय आखूड असणाऱ्यांसाठी: एक सेंटीमीटरपर्यंतचा फरक पुष्कळ लोकांत असतो आणि त्याला काही लागत नाही. जास्त असेल आणि कंबर दुखत असेल तर उभं राहून आखूड पायाखाली पुठ्ठे घालत जा, कमरेची दोन्ही हाडं सम आली की पुठ्ठ्यांची जाडी मोजा. तेवढी उंची एकदम द्यायची नाही. आधी निम्मी, तीही ३-४ मिलिमीटरच्या टप्प्यांनी, मध्ये दोन आठवडे जाऊ देऊन. बुटाच्या आत ८-९ मिलिमीटरपेक्षा जास्त घातलं तर टाच कपातून बाहेर येते, पुढची जाडी तळाला बाहेरून लावावी लागते. टाचेकडून बोटांकडे ती उतरती तासायची, नाहीतर पाऊल ठेचकाळतं.

कुरूप असेल तर ब्लेडने कापू नका. कुरूप दाबामुळे येतं, चप्पल तीच राहिली तर कापलेलं परत येतं.

काळीमाती | बुधवार, सकाळी ६.५०

उसण भरली की पायाळू माणसाची लाथ, टाच धरली की बिब्ब्याचा चटका, कंबरेला रुईच्या पानांवर तापलेल्या विटेचा शेक. हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि लोकांना गुण येतो. सगळंच टाकाऊ कसं म्हणता येईल?

दुखरी_नस | बुधवार, सकाळी ९.४०

@काळीमाती, सगळं टाकाऊ नाही. शेक चांगला आहे. आखडलेल्या स्नायूला १५-२० मिनिटांची ऊब द्यावी, वीट असो की गरम पाण्याची पिशवी, मध्ये जाड कापड असावं आणि आधी मनगटाला लावून बघावी. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, डोळ्याला गंभीर इजा होते.

लाथेचं मात्र वेगळं. उसण म्हणजे स्नायूचा झटका, ती पुष्कळदा चार-सहा दिवसांत आपोआप उतरते, आणि मध्ये लाथ बसली असेल तर श्रेय लाथेला मिळतं. साठीपुढच्या बाईची हाडं ठिसूळ झालेली असतात, तिथे लाथेने मणका दबू शकतो. पाठीवर लहान मुलाला चालवण्याबद्दलही हेच. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं, फोड येतो, आणि मधुमेह्याच्या टाचेवर तो फोड पाय गमावण्यापर्यंत जाऊ शकतो. यावर मी तडजोड करणार नाही.

कमरेची नस दुखत असेल तर पडून राहणं एक-दोन दिवस पुरे. उताणं झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवा, किंवा कुशीवर झोपून गुडघ्यांमध्ये उशी. मग थोडं थोडं चालणं, दिवसातून पाच-सहा वेळा दहा मिनिटं. नस मोकळी करायला खुर्चीवर ताठ बसा, गुडघा सरळ करताना मान वर न्या, गुडघा वाकवताना मान खाली. १० वेळा, दिवसातून तीनदा, कळ येण्याच्या अलीकडे थांबून. नस ताणायची नसते, सरकवायची असते. सायटिका असताना पाय खिडकीवर टाकून मांडीची मागची बाजू ओढणं ही मी पाहतो ती सगळ्यात मोठी चूक.

कळ गुडघ्याच्या वर चढली की सेतुबंध (उताणं झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणं) १० वेळा, आणि हातगुडघ्यांवर येऊन उजवा हात आणि डावा पाय सरळ, १० सेकंद, मग उलट. दुखणं पावलाकडून कमरेकडे सरकत असेल तर कंबर जास्त दुखली तरी ते सुधारणेचं लक्षण आहे. कंबरेकडून पावलाकडे सरकत असेल तर जे चाललंय ते थांबवा. सायटिकेच्या बहुतेक कळा सहा ते बारा आठवड्यांत शमतात.

पांढरा_कोट | बुधवार, रात्री ८.२५

दोन भर.

दोन्ही पावलं सारखीच बधिर, मोजा घातल्यासारखी, रात्री आग होते, पांघरुणाचा स्पर्श नकोसा होतो. अशा वेळी कंबर दुखत असली तरी दोष बहुधा कमरेचा नसतो. उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), थायरॉइड आणि बी-१२ करून घ्या. आपल्याकडे पूर्ण शाकाहारी घरं भरपूर आहेत, त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ उतरतं. रक्त आधी द्या आणि इंजेक्शन मग घ्या. आधी घेतलं तर तपासणीत आकडा फसवा येतो.

अशा पावलांना गरम पाण्यात बुडवणं, बर्फाची बाटली फिरवणं, दोन्ही बंद. पाणी कोपराने तपासा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० च्या पुढे असतो, देवळाच्या आवारातली फरशी दुपारी पाय भाजते आणि बधिर पायाला ते कळतही नाही. सकाळी लवकर जा किंवा जाड मोजे घाला. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत नंदीध्वजामागे अनवाणी चालणाऱ्या मधुमेह्यांनी रोज रात्री आरसा धरून तळवा पाहावा. एक पाऊल लाल, गरम, सुजलेलं आहे आणि दुखत मात्र फारसं नाही, तर ते मुरगळणं समजू नका. हाडं आतून मोडत असू शकतात. त्यावर भार न देता त्याच दिवशी दाखवा.

दुसरं चालण्याच्या अंतराचं. दोनशे-तीनशे मीटर चाललं की पाय भरून येतात, थांबावं लागतं. नुसतं उभं राहून आराम पडला, पाऊल थंड आहे, घोट्याशी ठोका लागत नाही, तंबाखू, विडी किंवा मिश्रीची सवय आहे, तर रक्तवाहिनी अरुंद झालीय. बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावरच आराम पडतो, सायकल चालवताना त्रास नाही, तर मणक्यातली वाट अरुंद आहे. पहिल्याला कमरेचा व्यायाम देऊन वेळ घालवू नका.

दुखऱ्या कमरेसाठी दर आठवड्याला कुल्ल्यावर डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन घेणारे बरेच आहेत. पोट आणि मूत्रपिंड तर आहेतच, पण सुई कुल्ल्याच्या वरच्या-बाहेरच्या पावभागाऐवजी मध्ये गेली तर सायटिक नसेलाच इजा होते आणि पाऊल लोंबतं.

लघवी अडली किंवा कळत नाही, बसण्याची जागा बधिर झाली, दोन्ही पाय कमजोर पडताहेत, यातलं एकही असेल तर रात्र काढू नका. सिव्हिल किंवा जिथे तातडीचा एमआरआय होतो तिथे लगेच. रोज संध्याकाळी ताप, वजन उतरणं आणि रात्री वाढणारी पाठदुखी असेल तर मणक्याचा क्षयरोग तपासा. एकच पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तर ती चोळू नका, आत रक्ताची गुठळी असू शकते.

धोटा_कांडी | गुरुवार, सकाळी ७.१५

टाचेच्या व्यायामाबद्दल एक प्रश्न. टॉवेल किती जाड गुंडाळायचा? आंघोळीचा मोठा टॉवेल पूर्ण गुंडाळला तर पाऊल त्यावरून सरकतं.

दुखरी_नस | गुरुवार, सकाळी ७.५०

@धोटा_कांडी, मोठा नको. हात पुसायचा लहान टॉवेल घ्या, गुंडाळून दोन-तीन सेंटीमीटर जाडी झाली की पुरे, आणि दोन्ही टोकांना दोरा बांधा म्हणजे उलगडत नाही. बोटं वर वाकलेली राहिली पाहिजेत, पण चवड्याचा भार पायरीवरच हवा. एका हाताने कठडा धरा. टॉवेल कोरडा घ्या, ओला झाला की फरशीवर घसरतो.